कायनं आलात?

आमच्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला की पाण्याचा गडवा हातात देता देताच विचारतात, "कायनं आलात?" तब्येत, पाऊसपाणी, कापसाचा भाव हे सगळं मागून. आधी कायनं आलात ते सांगा. यष्टीनं, पॅसेंजरनं, स्वतःच्या गाडीनं, की कोणाच्या मागं बसून? पुण्याच्या माझ्या एका मित्राला ही चौकशी विचित्र वाटली होती. आलो ना, मग कशानं आलो याच्याशी यांना काय करायचंय! त्याला समजावून सांगावं लागलं की हे विचारणाऱ्या माझ्या वहिनीला त्याच्या येण्यात रस नव्हता, जाण्यात होता. यष्टीनं आला असेल तर साडेपाचची गाडी धरायची, म्हणजे चहा-पोह्यांवर निभावेल. मोटरसायकलनं आला असेल तर जेवून जाईल. पॅसेंजरनं आला असेल आणि ती नेहमीसारखी लेट असेल, तर वरच्या खोलीतली गादी झटकून ठेवलेली बरी.

वर्धा जिल्ह्यात कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींचं जाणं-येणं मी बरीच वर्षं पाहत आलो आहे. या लेखासाठी जरा मुद्दाम हिंडलो. बसस्थानकावर बसलो, सावंगीच्या ऑटोत कोंबला गेलो, हिंदी विद्यापीठाच्या टेकडीवर धापा टाकत चढलो. आणि फिरून फिरून वहिनीच्याच प्रश्नाशी येऊन थांबलो. सकाळी जायला सगळ्यांनाच काहीतरी मिळतं. संध्याकाळी परत यायला काय मिळतं, त्यावर पुढचं ठरतं. सायकल की स्कूटी, घरून जायचं की खोली करायची, आणि मुलींच्या बाबतीत तर पुष्कळदा प्रॅक्टिकलवाली बीएस्सी की घरी बसून बीए.

रोज दुसऱ्या गावाला जाऊन येणाऱ्याला आम्ही 'तो अप-डाऊन करतो' म्हणतो, मग तो रेल्वेनं जावो की पायी. शब्द रेल्वेचा, पण वर्ध्याच्या अप-डाऊनवाल्यांची यादी करायची तर पहिलं नाव एका पायी चालणाऱ्याचंच घालावं लागेल. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्यातल्या मगनवाडीतून पायी निघाले आणि शेगावला राहायला गेले. शेगावचं सेवाग्राम झालं १९४० साली. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जायचं म्हणून. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांचं बिऱ्हाड मात्र मगनवाडीतच होतं. साडेपाच मैल जायचे, साडेपाच यायचे, तेही वर्ध्याच्या उन्हात, आणि कधी एका दिवसात दोन खेपा. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे ज्यानं अंगावर घेतलंय त्यालाच या अकरा मैलांचा अर्थ कळेल. वर्षा-दोन वर्षांत महादेवभाईंची प्रकृती ढासळली. त्यांच्या त्यागावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र दर वेळी एवढंच वाटतं की त्यांना कुणीतरी एक सायकल द्यायला हवी होती.

वाहनांची अगदीच वानवा होती असंही नाही. जमनालाल बजाजांकडची एक जुनी फोर्ड मोटर, तिचं इंजिन काढून बैल जुंपले होते, अशी आठवण वर्ध्यात अजून सांगतात. बैल म्हणजे ऑक्स आणि मोटर फोर्डची, म्हणून तिचं नाव 'ऑक्सफर्ड'. विद्यापीठ यायला अजून साठ वर्षं होती, पण ऑक्सफर्ड गावात हजर होतं.

जमनालालजींचा विषय निघालाच आहे तर एक गंमत इथंच सांगून टाकतो. ते वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घरात दत्तक आले. ते गेले १९४२ मध्ये. तीन वर्षांनी, १९४५ मध्ये, बच्छराजांच्या नावानं एक ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघालं. १९४८ पासून ते परदेशी दुचाक्या आणि तीनचाक्या आणून विकू लागलं, १९५९ साली त्याला देशात गाड्या बनवायचा परवाना मिळाला, आणि पुढं त्याचंच बजाज ऑटो झालं. म्हणजे ज्या घरानं गांधीजींना पायी चालायला गाव दिलं, त्याच घराच्या दुकानातून देशाला स्कूटर आणि ऑटोरिक्षा मिळाली. चेतक १९७२ ची. आमच्या गावात ती पहिल्यांदा आली ती मास्तरांकडे, आणि नंबर लागायला त्यांना किती वर्षं थांबावं लागलं याची कथा ते चेतकपेक्षाही अभिमानानं सांगत.

माझं स्वतःचं अप-डाऊन १९८६ चं. गाव देवळी तालुक्यात, सडकेपासून चार किलोमीटर आत. वडिलांची सायकल घ्यायची, फाट्यावरच्या पानठेल्यामागं लावायची, आणि यष्टीनं वर्ध्याला जायचं. पानठेलेवाला सायकल ठेवायचे पैसे घेत नसे, पण रोज एक सुपारी तरी घ्यावी लागे. माझे दात त्या दोन वर्षांत गेले. खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात यष्टीचा पास. विद्यार्थ्याला मासिक पासात दोन तृतीयांश सवलत असते. सरकारी भाषेत ६६.६७ टक्के. प्रॅक्टिकल पाचला संपायचं आणि आमची गाडी पाचलाच सुटायची. पुढची थेट रात्रीची मुक्कामी. त्यामुळं आमच्या बाजूची सात-आठ पोरं टायट्रेशन अर्धं टाकून पळायची. ब्युरेटमधला शेवटचा थेंब आणि स्टँडवरचा कंडक्टरचा डबल बेल, या दोन्हीतलं एकच गाठता यायचं. पुढं मी वाणिज्य शाखेला गेलो. घरी सांगितलं, रसायनात गोडी नाही. खरं कारण पाचची गाडी होतं.

तेव्हा 'युनिव्हर्सिटीत जाणं' म्हणजे नागपूरला जाणं. ४ ऑगस्ट १९२३ ला स्थापन झालेलं नागपूर विद्यापीठ हेच आमचं विद्यापीठ, आणि वर्धा ते नागपूर पाऊणशे किलोमीटर. परीक्षेत एक विषय राहिला, गुणपत्रिकेत नाव चुकलं, फेरतपासणीचा अर्ज द्यायचा, की सकाळची पॅसेंजर धरायची. वाटेत सेलू रोड, तुळजापूर, सिंदी, बुटीबोरी. खिडकीवर पोचावं तर जेवणाची सुट्टी. आज हे सगळं मोबाइलवर होतं. विद्यार्थ्यांच्या प्रवासातला सर्वांत मोठा बदल मला विचाराल तर हा, आणि तो कुठल्याच रस्त्यावर दिसत नाही. प्रवास बदलला नाही, संपलाच. माझ्या पिढीतली अर्धी मैत्री त्या पॅसेंजरच्या दारात उभं राहून झालेली आहे. पण म्हणून ती खिडकी परत यावी असं मी मुळीच म्हणणार नाही.

वर्ध्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९९७ मध्ये. १९७५ च्या नागपूरच्या विश्व हिंदी संमेलनात हिंदीच्या आंतरराष्ट्रीय विद्यापीठाची मागणी झाली होती. संसदेचा कायदा व्हायला वीसेक वर्षं लागली. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय उमरीच्या अंगाला, पाचटेकडीच्या उजाड माळावर वसलं. आज तिथं झाडी आहे, रस्ते आहेत, कवींच्या, लढवय्यांच्या नावांच्या इमारती आहेत. नागार्जुन सराय हे पाहुण्यांचं घर, गोरख पांडे आणि बिरसा मुंडा ही मुलांची वसतिगृहं. विद्यार्थी बरेचसे बिहार-उत्तर प्रदेशाकडचे, म्हणजे अप-डाऊनचा प्रश्नच नाही, घर हजार किलोमीटरवर. त्यांचा प्रवास वर्षातून दोनदा, वर्धा किंवा सेवाग्राम स्टेशनवरून. रोजचा प्रवास नुसता टेकडीवरून गावात आणि गावातून टेकडीवर. पण गंमत अशी की हा पाचेक किलोमीटरचा तुकडाच त्यांना सगळ्यात महाग पडतो.

टेकडी चढताना मी एक मुलगा पाहिला. जुनी काळी सायकल, मागच्या कॅरिअरला दोरीनं बांधलेली पुस्तकं आणि वर कोबीचा गड्डा. उतरताना सायकल त्याला नेते, चढताना तो सायकलला. चढावर खाली उतरून, एक हात हँडलवर, एक हात सीटवर ठेवून तो तिला बैलासारखं चुचकारत वर नेत होता. हिंदीतच बोललो. सायकल एका सीनिअरनं जाताना दिली होती, त्यालाही ती कुणीतरी दिली होती. मी विचारलं, मोटरसायकल का नाही? तो हसला. घरी पैसे मागायचे तर आधी त्याला घरी जावं लागलं असतं. शहराला सिटी बस नाही. ऑटो आहेत, अलीकडे ई-रिक्षाही आहेत, पण त्या सवारी भरेपर्यंत हलत नाहीत, आणि रात्री आठनंतर टेकडीवर यायला 'रिकामं परत यावं लागतं' म्हणून दुप्पट मागतात. वहिनीचा प्रश्न ऑटोवाल्यालाही पडतोच की.

सावंगीची तऱ्हा अगदी उलटी. तिथं दत्ता मेघेंनी उभं केलेलं वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून आहे, २००५ मध्ये त्याचं अभिमत विद्यापीठ झालं, आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात रात्रंदिवस राबता असतो. म्हणून बजाज चौकाकडून सावंगीला जायला ऑटोची वाट पाहावी लागत नाही. "सावंगी, सावंगी, सावंगी!" ही हाक दिवसभर चालू. तीन सवारीच्या ऑटोत सात माणसं बसतात ती अशी: मागं चार, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि सातवा म्हणजे मी, जो आत आहे की बाहेर हे शेवटपर्यंत ठरलं नाही. माझ्या मांडीवर पेशंटचा डबा, समोर पांढऱ्या ॲप्रनची घडी पोटाशी धरलेली नर्सिंगची विद्यार्थिनी. रुग्णालय चोवीस तास जागं, म्हणून रस्ता जागा, म्हणून मुलीला गाडीची गरज कमी. सरकारी योजनेनं जे साधलं नसतं ते पेशंटांच्या गर्दीनं साधलंय.

सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी काढलेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे. तिथं नव्या बॅचचे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात, मग एक खेडं दत्तक घेऊन तिथं मुक्काम करतात आणि पुढं ठरावीक दिवशी त्या गावाला जात राहतात. जिल्ह्यात सगळी पोरं खेड्यातून शहराकडे अप-डाऊन करत असताना ही एक उलटी वाहतूक आहे. शहरातली मुलं खेड्याकडे जातात, आणि डांबरीवरून आत शिरल्यावर बस कशी हेलकावते ते त्यांना डॉक्टर व्हायच्या आधीच कळतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वर्धा जिल्ह्यातल्या कॉलेजच्या पार्किंगचा रंग ज्या सहा महिन्यांत बदलला, ते महिने मला पक्के ठाऊक आहेत. दीड वर्ष बंद असलेली महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१ पासून उघडली. पोरं दप्तर झटकून निघाली, आणि त्याच सुमाराला यष्टी थांबली. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप नोव्हेंबरात राज्यभर पसरला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचं दुखणं खोटं नव्हतं. आमच्या गावचाच एक कंडक्टर त्या काळात शेतमजुरीला जात होता. पण फाट्यावर उभ्या पोरांनी काय करायचं? काळीपिवळीवाल्यांनी भाडं वाढवलं. पॅसेंजर गाड्यांचं तर आणखी वेगळंच. करोनात त्या 'स्पेशल' झाल्या, दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपये झालं, ते फेब्रुवारी २०२४ पर्यंत खाली आलं नाही.

आणि त्याच हंगामात कापसानं क्विंटलमागं दहा हजारांची रेषा ओलांडली.

या दोन गोष्टी एकत्र कुणी मांडत नाही, पण आमच्या घरात त्या एकाच आठवड्यात घडल्या. थोरली पुतणी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. बारावीपर्यंत मुलींना यष्टी फुकट असते, अहिल्याबाई होळकर योजनेत. कॉलेजात गेली की तो पास संपतो. आता तर पास असून यष्टीच नव्हती. एका संध्याकाळी प्रॅक्टिकल लांबलं, काळीपिवळी निघून गेली, आणि ही साडेआठला कोणाच्या तरी दुधाच्या गाडीतून फाट्यावर उतरली. भाऊ न बोलता उभा होता. वहिनी बोलली. "जाशीन तं जाशीन पोरी, पण येशीन कायनं?" पुतणीनं उत्तर दिलं नाही, नुसतं बापाकडे पाहिलं. चौथ्या दिवशी भाऊ देवळीच्या यार्डात कापूस मोजून आला तो सरळ वर्ध्याच्या शोरूमला. पेट्रोलनं तेव्हा लिटरमागं शंभरी केव्हाच ओलांडली होती, मी ते बोलूनही दाखवलं. भाऊ म्हणाला, "पेट्रोल महाग हाय, पोरगी नाही का?"

स्कूटीच्या डिकीत काय काय असतं ते एकदा पाहिलं. रेनकोट, प्रॅक्टिकलचं जर्नल, टायर पंक्चर झाल्यावर फोन करायच्या दुकानाचं कार्ड, अर्धा पार्ले, आणि दुपट्ट्याची घडी. तो दुपट्टा बांधायची तिची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी कपाळावरून मागं, मग कानाखालून गोल, मग नाकावर, शेवटी टोक खांद्यात खोचायचं. वीस सेकंदांत नुसते डोळे उरतात. उन्हासाठी म्हणतात. उन्हासाठी आहेच. पण नुसते डोळे उरले की चौकातला कोणीही 'ही फलाण्याची पोरगी' म्हणून ओळखत नाही, हाही त्यात भाग असावा.

एक गोष्ट मात्र मला टोचते. कायद्यानं १६ ते १८ च्या मुलांना बिनगिअरची, ५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि तशी पेट्रोलची नवी गाडी बाजारात जवळपास मिळतच नाही. म्हणजे अकरावी-बारावीची जी शेकडो पोरं सकाळी शिकवणीला स्कूटीवर दिसतात, ती बहुतेक परवान्याविना. घरोघरी हे ठाऊक आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, कमी ताकदीच्या विजेच्या स्कूटरला परवाना लागत नाही, हे आता काही घरांच्या ध्यानात आलंय. पण ती दहा किलोमीटरच्या आतल्यांच्या कामाची. पंचवीस किलोमीटरवरून येणाऱ्याचा पुन्हा तोच हिशेब: सकाळी चार्जिंगवर पोचेन, संध्याकाळी?

संप मिटला, यष्टी परत आली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. मला वाटलं, आता पोरी बसकडे वळतील. थोड्या वळल्याही. पण गाडी एकदा दारात आली की तिला कोणी विकत नाही. पुतणीनं मधला मार्ग काढला. गावापासून फाट्यापर्यंत स्कूटी, ती तिथं लावायची, पुढं अर्ध्या तिकिटात यष्टी. प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी मात्र थेट वर्ध्यापर्यंत गाडी. गाडी लावते कुठं, म्हणून विचारलं. पानठेल्यामागं. पानठेला आता त्याचा मुलगा चालवतो, आणि तो महिन्याचे रोख पैसे घेतो.

प्राध्यापकांचं अप-डाऊन वेगळं. नागपूरला घर आणि वर्ध्यात नोकरी हा इथला जुना संसार. पूर्वी सगळे रेल्वेच्या मासिक पासावर, एका डब्यात, एका बाकावर. पत्ते आणि पेपर तपासणी दोन्ही गाडीतच. आता चार जण मिळून एक कार, पेट्रोलची वाटणी. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि येळाकेळीजवळून चढणं-उतरणं सुरू झालं. रस्ता देखणा आहे. पण त्यावर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळं ज्या गावांच्या शेतांतून तो गेला, तिथली पोरं पुलाखालून स्कूटीवर कॉलेजला जातात आणि वरून प्राध्यापकांची कार.

२८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाचा पहिला तुकडा. देवळीला रेल्वे आली! माझ्या आईला हे बघायला मिळालं नाही. मी हौसेनं त्या गाडीत बसलो. डबे नवे, खिडक्या स्वच्छ, बाहेर तूर आणि कपाशी. विद्यार्थी शोधले, फार सापडले नाहीत. कॉलेजच्या वेळेला रेल्वेची वेळ जुळायला हवी, तेवढं एक जुळलं की ही गाडी भरेल असं माझं मत आहे. वंदे भारतही आता वर्ध्याला थांबते, पुण्याला जाताना. तिचं अप-डाऊनवाल्यांना काय?

शेवटी एक खूळ केलं. मगनवाडीतून सेवाग्रामला पायी जायचं, महादेवभाईंच्या वाटेनं, निदान एक खेप. ऑक्टोबर, सकाळचे नऊ. या रस्त्यावरच्या जुन्या झाडांवर २०२० मध्ये रुंदीकरणासाठी कुऱ्हाड चालली होती, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले. गांधीजींच्या काळातली झाडं, असं म्हणून लोक भांडले. मी त्या वेळी सही केली होती, पण चाललो नव्हतो. चालल्यावर कळलं. जिथं झाड आहे तिथं पाय आपोआप पडतो, जिथं नाही तिथं प्रत्येक खांब मोजावा लागतो. चालणाऱ्याचं पेट्रोल म्हणजे सावली.

तिसऱ्या मैलाच्या आसपास मागून एक मोपेड आली, थांबली. खांद्याला सॅक, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. "काका, कुठं जायचं? बसा ना." मी म्हटलं, नको, मुद्दाम चालतोय. तो माझ्याकडे बघत राहिला. मुद्दाम चालणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा. मग म्हणाला, "जातानी चालान हो, येतानी ऊन किती राहीन!" मी बसलो.

संध्याकाळी गावच्या घरी पोचलो तर वहिनी ओसरीवर तूर निवडत होती. पाणी दिलं आणि विचारलं, "कायनं आलात, भाऊजी?" मी सांगू लागलो: तीन मैल पायी, मग एका पोराच्या मागं, सेवाग्रामहून वर्ध्याला ऑटो, वर्ध्याहून फाट्यापर्यंत यष्टी, आणि फाट्यावरून पुतणीच्या स्कूटीवर. वहिनीनं सुपातली तूर एकदा पाखडली.

"मंग जेवूनच जा," ती म्हणाली. "आता कायनं जासान?"